आत्याचं बोट

मिरज-सांगलीकडं पूर्वी हेळवी यायचे. बैलावर बसून दारात यायचे आणि तुमच्या खापरपणजोबाचं मूळ गाव कुठलं, त्याला बायका किती, कुठल्या पोराला इस्टेटीतून उठवलं, सगळं न अडखळता म्हणून दाखवायचे. घरात झाकून ठेवलेलंही त्यात यायचं. म्हणून काही घरं हेळव्याला शिधा लवकर देऊन वाटेला लावत.

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, तेव्हा त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना. केतकी कोपर्डे म्हणाली, "अहो, हा तर आपला हेळवी!" आणि तेच नाव पडलं. जुनी यंत्रं जंतूचं नुसतं नाव सांगत. हा जंतूचं कूळ सांगायचा. एका नमुन्यातल्या हजारो पेशी सुट्ट्या करून प्रत्येकीची जनुकं वाचायचा, कुठला बदल आधी झाला आणि कुठला नंतर, ते लावायचा, आणि हा जंतू कुठल्या औषधाच्या हाताखालून कुठल्या क्रमानं गेलाय ते पडद्यावर झाडासारखं मांडायचा. रोग एकाकडून दुसऱ्याकडं गेला, तर कुणाकडून गेला हेही मग झाकून राहत नसे. डॉक्टर मंडळी खूश झाली. त्यांच्या घरचं कूळ अजून कुणी वाचलं नव्हतं.

केतकी तिथं बुरशींचं काम बघायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. आईबरोबर मिरजेतच राहायची. धाकटा भाऊ निनाद बायकोला घेऊन सांगलीत विश्रामबागेला राहायचा. वडील गेले तेव्हा निनाद शाळेत होता. आईनं इडली-डोशाचं पीठ विकून दोघांना शिकवलं. डाळ-तांदूळ धुवायचे, भिजवायचे, उपसायचे, वाटायचे. तिचे हात म्हणून कधी कोरडे नसत. नखांच्या कडा कायम सुजलेल्या. खाज सुटली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायची, चार दिवस चोळायची आणि जरा बरं वाटलं की ती न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून विसरून जायची.

"आई, अर्धवट लावू नकोस गं. एकदा नीट डॉक्टरला दाखव," केतकी ओरडायची.

"डॉक्टरला दाखवायला हात रिकामे तर पाहिजेत की," आई म्हणायची आणि पुन्हा डाळीत हात घालायची.

गौतमीला, म्हणजे निनादच्या बायकोला, सातव्यातच कळा आल्या. मुलगा झाला. तळहातावर मावेल एवढा, पण रडला चांगला खणखणीत. त्याला केतकीच्याच रुग्णालयात एनआयसीयूच्या काचेच्या पेटीत ठेवलं. त्या दिवशी आईनं देवघरातली चांदीची वाटी काढली, तिच्यात मध ओतला आणि केतकीपुढं धरली.

"बोट बुडव ह्यात."

बाळाला पहिला मध जो चाटवतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो, अशी आपल्याकडची समजूत. केतकीला ती माहीत होती, आणि प्रयोगशाळेतल्या बाईनं असल्या समजुतीला जेवढं हसावं तेवढी ती हसलीही. "आई, तिथं बाहेरच्या पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. मध कुठला नेतेस?"

"नेतंय कोण? घरी आला की चाटवू. तोवर शकुन म्हणून बुडव. आत्याचं डोकं येऊ दे पोराला. निनादवर गेला तर ती दहावी मला पुन्हा काढावी लागेल."

केतकीनं हसत हसत बोट बुडवलं. आईनं त्यातला थोडा मध एका डबीत काढून ठेवला. केतकी हात धुवायला गेली आणि ती गोष्ट विसरली.

गौतमीला ऑपरेशननंतर ताप होता. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर उबेला ठेवतात. आईला जमत नसेल तर आजी चालते. म्हणून केतकीची आई, वॉर्डातल्या सगळ्यांच्या कोपर्डेकाकू, रोज कोपरापर्यंत हात धुऊन आत जायच्या आणि नातवाला छातीवर घेऊन बसायच्या. सिस्टर एस्तेर रणभिसे त्या पेटीवर होत्या. त्या म्हणायच्या, "काकू, तुमच्याकडं आला की ह्याचा श्वास कसा शहाण्यासारखा चालतो बघा." काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आणि असंच एकदा, सिस्टर पाठमोऱ्या असताना, काकूंनी पदराच्या गाठीतली डबी सोडली.

बाळ आठवडाभर बरं होतं. मग दूध ओढेना, निपचित पडायला लागलं. रक्तात बुरशी निघाली. अशा बाळांना जे औषध पहिल्यांदा देतात ते लगेच सुरू झालं, पण बुरशीनं त्याला दाद दिली नाही. नमुना वाढून हेळव्यापुढं येईपर्यंत जो वेळ जायचा तो गेला. हेळव्यानं निकाल दिला, की हे औषध ह्या बुरशीवर चालणारच नाही. केतकी तो निकाल हातात घेऊन जिन्यानं पळत वर गेली. दुसरं औषध लावलं. ते बुरशीला मारत होतं, पण तोवर बाळाच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते.

बारसं अजून व्हायचंच होतं. त्यामुळं पेटीवरच्या चिठ्ठीवर तो शेवटपर्यंत 'बेबी ऑफ गौतमी' राहिला. केतकीनं त्याच्यासाठी एक नाव मनात धरून ठेवलं होतं. आत्यानं ठेवायचं ते नाव.

रुग्णालयात असा मृत्यू झाला की चौकशी होते. बुरशी आली कुठून? आत आलेल्या प्रत्येकाचे हात आधीच बोळ्यानं पुसून घेतलेले होते. सिस्टर एस्तेरच्या हातावर त्याच जातीची बुरशी निघाली आणि त्यांना कामावरून बाजूला बसवलं. विभागप्रमुख म्हणाले, "दुसरं कोण असणार? पेटीला सतत हात त्यांचाच." बावीस वर्षं पोरं जगवलेली बाई पायऱ्यांवर बसून रडत होती.

"सर, जात एक म्हणजे कूळ एक नव्हे," केतकी म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

तिनं सगळे नमुने हेळव्यात घातले. सिस्टरची बुरशी साधीसुधी, औषधाला लगेच मरणारी निघाली. बाळाच्या बुरशीशी तिचा दूरचासुद्धा संबंध नव्हता. मग केतकीनं बाळाचं झाड उघडलं.

ही जी बुरशी, ही म्हणजे यीस्ट, माणसाच्या हातावर सुखानं राहणारी. तिच्या पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. ते बनवायला ती एक चरबीसारखा पदार्थ तयार करते आणि तो करणारं प्रथिन तिच्याकडं असतं. आपली नेहमीची औषधं त्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतात आणि काम बंद पाडतात. आवरण फुटतं, बुरशी मरते. पण प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराची चूक झाली तर खोबणीचा आकार जरासा बदलतो. औषध नीट बसत नाही, काम मात्र चालू राहतं. बाळाच्या बुरशीत ती चूक होती. शिवाय पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात. ते एरवी गरजेपुरतेच चालू होतात. त्यांचं बटण जे जनुक सांभाळतं तेही बिघडून कायमचं चालू राहिलं होतं. असा बिघाड मुद्दाम कुणी करत नाही. कोट्यवधी पेशींत तो कुणा एकीत आपोआप होतो. औषध पुरेसं आणि पुरते दिवस लावलं तर तीही मरते. थोडं लावून सोडून दिलं तर बाकीच्या मरतात, ती तेवढी उरते आणि मोकळ्या रानात तिचीच लेकरं वाढतात.

हे सगळं केतकी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. आता ती क्रम बघत होती. आधी पंपाचं बटण, मग बराच काळ काही नाही, मग खोबणीतली चूक, मग त्याच जनुकाच्या जादा प्रती. गोळ्या किंवा सलाइनचा ठसा कुठंच नव्हता. होता तो फक्त मलमाचा. चार दिवस लावलेला, महिने सोडलेला, पुन्हा लावलेला; ओल्या कातडीवर, कितीतरी वर्षं. ही बुरशी रुग्णालयात शिकलेली नव्हती. ती घरात शिकली होती.

केतकीला न्हाणीघराची खिडकी दिसली. तिनं यंत्र बंद केलं नाही, उठलीही नाही. नुसती बसून राहिली.

आईच्या हाताचा बोळा घेतला होता, पण तो हात धुतल्यावर, तळव्यावरनं. नखांत कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई गॅलरीत उन्हाला बसली होती. बाळ गेल्यापासून पीठ बंद होतं. केतकी नेलकटर घेऊन शेजारी बसली.

"आण हात. किती वाढलीत नखं."

आईनं हात दिला. जाड, पिवळी पडलेली नखं, कडा फुगलेल्या. ह्याच हातांनी तिला भरवलं होतं, वेणी घातली होती, पहिल्या नोकरीच्या दिवशी कपाळाला कुंकू लावलं होतं. केतकी एकेक नख कापत होती आणि तुकडे स्वच्छ बाटलीत टाकत होती.

"बाटलीत कशाला?" आईनं विचारलं.

"केरात नको, पायाला लागतात."

कापून झाल्यावर आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

हेळव्यानं दोन्ही झाडं शेजारी शेजारी मांडली. फांदीला फांदी जुळली.

केतकीनं प्रमुखांना खरं ते सांगितलं: बुरशी वॉर्डातली नाही, घरच्या माणसाच्या हातावरची. सिस्टर एस्तेर परत कामावर आल्या. घरच्या माणसाचं नाव रुग्णालय बाहेर काढत नसे, पण बाळाच्या आईवडलांनी विचारलं तर त्यांना समोर बसवून सांगायचं, असा नियम होता. निनादनं विचारलं.

ती सांगलीला गेली. आई तिथंच होती. केतकीनं तोंड उघडायच्या आधीच गौतमी रडत म्हणाली, "ताई, एवढंच समाधान बघा, आत्याच्या बोटाचा मध तरी त्याच्या तोंडाला लागला. आईंनी चाटवला, मला सांगितलं होतं त्यांनी."

केतकीला हे माहीत नव्हतं. तिनं आईकडं पाहिलं. आईचे डोळे जमिनीला लागले होते. रात्रभर घोकलेलं वाक्य केतकीनं तसंच मागं ठेवलं. आईच्या हातांमुळं, असं म्हटलं तर ह्या बाईला ह्या घरात पुढं कोण जेवायला वाढणार होतं? आणि ती तरी कशी जगणार होती? त्या दोन हातांशिवाय तिच्याकडं होतं काय?

"मधामुळंच झालं," केतकी म्हणाली. "माझ्या बोटामुळं. मी प्रयोगशाळेतून आले होते. बोट बुडवायला नको होतं मी."

यंत्र खोटं बोललं नव्हतं. बोलली ती केतकी.

निनाद उठून उभा राहिला. लहानपणी पतंग फाटला की तो असाच, तोंडातून शब्द न काढता उभा राहायचा. "ताई," तो म्हणाला, "तुला तर सगळं माहीत होतं. आम्ही अडाणी होतो, तू नव्हतीस." मग म्हणाला, "आता येत जाऊ नकोस."

आईनं हात पदरात घट्ट गुंडाळले. निनाद म्हणाला, "आई, तू इथंच राहा," तेव्हा तिनं होकाराची मान हलवली.

केतकी एकटीच बसनं मिरजेला परतली. घरी येऊन तिनं न्हाणीघराच्या खिडकीतली ट्यूब उचलली आणि ती हातात धरून, दार लावून, पोटभर रडली.

पुढं फोनवर बोलणं व्हायचं, तेही निनाद घरात नसताना. केतकीनं नखांसाठी चांगलं औषध पाठवलं. "रोज लाव, वर्षभर, एक दिवस चुकवू नकोस," असं शंभरदा सांगितलं. आईनं लावलं. एरवी कुणाचं न ऐकणारी बाई हे मात्र निमूट करते, ह्याचं केतकीला बरंच वाटलं. पण नखं पुन्हा बघू म्हटलं की आई म्हणायची, "माझी मी कापते." बुरशी गेली का राहिली, ते केतकीला कधीच कळलं नाही. नख सुधारलं तरी ती कातडीत मुक्काम ठोकून राहू शकते.

दोन वर्षांनी गौतमीला मुलगी झाली. हीसुद्धा दिवस भरायच्या आतच. सांगलीच्या एका रुग्णालयात पेटीत ठेवली होती. केतकीला हे शेजारणीकडून कळलं. तिथंही आजीला छातीवर बाळ देणार. आई आजी आहे. चांदीची वाटी तिच्याजवळ आहे. आणि तिचे हात निर्दोष आहेत असं आपणच तिला सांगून बसलोय. आपलं खोटं पोरीच्या जिवावर उठायला आता एक चमचा मध पुरे होता. केतकी मिळेल त्या रिक्षानं निघाली. वाटेत तिनं ठरवलं: सगळ्यांसमोर सांगायचं. आई मेली तरी चालेल, पोर मरता कामा नये. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

जिन्याच्या वळणावर तिला निनादचा आवाज आला. "आई, घे ना गं. तिला ऊब लागते. गौतमीला उठवत नाही."

"नको. मला जमत नाही आता. तू घे," आई म्हणाली.

"नातू असता तर जमलं असतं," आतून गौतमीचा आवाज आला. रडका आणि कडवट. "मुलगी म्हणून हात लावत नाहीत. कळतं हो आम्हाला."

निनाद तिरमिरीत आत गेला. केतकी वर आली. बाकावर आई एकटी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. कोपरापर्यंत.

केतकी तिच्यासमोर उभी राहिली.

"मध नाही आणला मी," आई वर न बघता म्हणाली. "वाटी कधीच मोडीत घातली."

केतकी शेजारी बसली. "कधीपासून माहीत होतं?"

"नखं कुणी बाटलीत भरतं का गं?" आई म्हणाली. "पीठ विकत असले तरी तुझी आई आहे मी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तू आधी बोललीस. मग म्हटलं उद्या सांगू, परवा सांगू." आई काचेकडं बघत होती. "नंतर वाटलं, तू सोसशील. तुला पहिल्यापासून सवय आहे. तो नाही सोसणार. आणि त्यानं मला टाकलं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं?"

केतकीला वाटलं, ओरडावं. ते ओझं तिनं स्वतः उचललं होतं, हे खरं. पण आईला कळू नये म्हणून उचललं होतं. आईला कळलं, तिनं बघितलं, आणि लेकीच्या खांद्यावर ते तसंच राहू दिलं. हे दुःख निराळं होतं. दोन वर्षांत केतकी इतकी एकटी कधी झाली नव्हती, जितकी आत्ता आईला खांदा लावून बसताना झाली.

"चल," आई उठायला लागली. "आता सांगते. तुझ्यादेखत सांगते."

काचेतून निनाद दिसत होता. शर्ट काढून, पोरीला छातीवर घेऊन, डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. गाणं म्हणत असावा, त्याला कधी सूर लागला नाही. त्याला मुलगा गेल्याचं दुःख होतं, बहीण गेल्याचं होतं. त्यात आता आई गेल्याचं घालायचं? आई तर बाळाला हात लावतच नव्हती. सांगून वाचणार होतं कोण? फक्त केतकी.

"नको," ती म्हणाली. "बस खाली."

"अगं, पण मग तुझं..."

"बस म्हणते ना."

आई बसली. तिनं आईला माफ केलं नव्हतं, आणि करता येईल असं तिला वाटतही नव्हतं. तरी तिला तिथून उठवेना.

थोड्या वेळानं आई चाचरत म्हणाली, "बारशाला तुला बोलावणार नाहीत. नाव तेवढं सांगून ठेव. मी माझं म्हणून सुचवते." मग, "तुझा मान आहे तो," असं हळूच म्हणाली.

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्र्र करते आणि नाव सांगते. आईनं सवयीनं हात पदरात आणखी आत ओढले आणि कान पुढं केला. पिकलेले केस कानामागं सारायला तिनं हात काढला नाही, म्हणून ते केतकीनं सारले. ती आईच्या कानाशी वाकली. कुर्र्र केलं नाही. तिनं नुसतंच नाव सांगितलं.